ताऱ्याचं चुंबकत्व आणि गणिताचा नकार

१९१९ साली बोर्नमथला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत जोसेफ लार्मर यांनी एक साधा दिसणारा प्रश्न मांडला : सूर्यासारखा स्वतःभोवती फिरणारा गोळा चुंबक कसा होतो? त्याआधी अकरा वर्षं, १९०८ मध्ये, जॉर्ज एलरी हेल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून सौरडागांच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगलेल्या पाहिल्या होत्या. झीमन परिणामावरून त्यांनी ताडलं, की डागांत सुमारे ३,००० गाउसचं चुंबकी क्षेत्र आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते अर्ध्या गाउसच्या आसपास असतं. सूर्य हा धगधगता वायू, तिथे लोहचुंबक टिकणं शक्यच नाही. मग हे क्षेत्र येतं कुठून? लार्मर यांनी सुचवलं, की वीजवाहक वायू क्षेत्रातून वाहताना स्वतःच विद्युतप्रवाह निर्माण करत असेल आणि तोच प्रवाह ते क्षेत्र राखत असेल. म्हणजे स्वतःवरच पोसलेला डायनॅमो. कल्पना देखणी होती. चौदा वर्षांनी, १९३३ मध्ये, टॉमस काउलिंग या तरुण गणितज्ञानं ती लार्मर यांच्या मूळ रूपात अशक्य असल्याचं सिद्ध केलं.

तिथून आजपर्यंतच्या सुमारे नव्वद वर्षांचा हा आढावा आहे. वेधशाळांनी आकडे गोळा केले, संगणकांनी प्रतिकृती उभ्या केल्या, आणि गणितानं बहुतेक वेळा ‘असं होणार नाही’ एवढंच सांगितलं. माझ्या मते या क्षेत्राला सर्वांत पुढे नेलं ते या नकारांनी.

काउलिंग यांची सिद्धता पाच वाक्यांत सांगता येते, आणि तिची गंमत तिच्या आखूडपणातच आहे. समजा, क्षेत्र आणि प्रवाह दोन्ही एका अक्षाभोवती सममित आहेत. अक्षातून जाणाऱ्या उभ्या छेदात क्षेत्ररेषांचे बंद वळसे दिसतील आणि वळशांच्या मधोमध एक बिंदू असेल, जिथे छेदातलं क्षेत्र शून्य आहे. हा बिंदू अक्षाभोवती फिरवला की एक वर्तुळ मिळतं. या वर्तुळाला क्षेत्ररेषांचा वेढा असल्यामुळे त्यावरून विद्युतप्रवाह वाहायलाच हवा. पण तो प्रवाह ढकलणारं बल छेदातल्या क्षेत्रावरच अवलंबून असतं आणि तेच तिथे शून्य आहे, म्हणून प्रवाह विझत जातो आणि त्याच्याबरोबर क्षेत्रही. नंतर जॉर्ज बॅकस आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५६ मध्ये हे प्रमेय अधिक काटेकोर पायावर आणलं. त्याच सुमारास मॉस्कोत याकोव झेल्डोविच यांनी दुसरा दरवाजा लावला : केवळ द्विमितीय, सपाट प्रवाहातूनही डायनॅमो चालत नाही.

काउलिंग यांनीच पुढे हिशेब करून दाखवलं, की सूर्याएवढ्या गोळ्यातलं क्षेत्र विद्युतरोधामुळे विरायला सुमारे १० अब्ज वर्षं लागतील. म्हणजे सूर्यात नुसतं क्षेत्र ‘असणं’ हे कोडं नाहीच. जन्माच्या वेळचं क्षेत्र आजही उरू शकतं. कोडं आहे ते त्याच्या बदलण्याचं. सौरडागांची संख्या साधारण ११ वर्षांनी चढते-उतरते. ती ठरावीक काळानं चढते-उतरते, हे जर्मन हौशी निरीक्षक हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्येच नोंदवलं होतं. हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रत्येक फेरीत डागांच्या जोड्यांची ध्रुवता उलटते. म्हणजे मूळ चक्र २२ वर्षांचं. १० अब्ज वर्षांत विरणारी गोष्ट २२ वर्षांत दोनदा पालथी होते, हे समजावून सांगायचं आहे. पृथ्वीचं नेमकं उलट आहे. तिच्या गाभ्यातलं क्षेत्र पोसलं नाही, तर काही दशसहस्र वर्षांत संपेल, म्हणून तिथे टिकणं हेच नवल.

काउलिंग आणि झेल्डोविच यांच्या प्रमेयांमुळे काही काळ अशी शंका होती, की सर्वच स्वयंपोषी डायनॅमोंना नकार देणारं एखादं व्यापक प्रमेय असेल. ती १९५८ मध्ये फिटली. अर्विद हर्झेनबर्ग यांनी एका वाहक माध्यमात फिरणारे दोन गोल कल्पून डायनॅमो चालू शकतो हे गणितानं दाखवलं; बॅकस यांनी वेगळ्या वाटेनं तेच केलं. पण वाट कुठून जाते हे त्याआधीच, १९५५ मध्ये, युजीन पार्कर यांनी नकारांमधून वाचलं होतं. सममिती चालत नाही ना, मग ती मोडणारं काय आहे? सूर्याच्या बाहेरच्या सुमारे तीस टक्के जाडीत उकळणाऱ्या वायूचे लोट वर येतात आणि परिवलनामुळे प्रत्येक लोटाला पीळ पडतो. सूर्याचं विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरतं, ध्रुवांकडचा भाग त्याहून बराच सावकाश. या फरकामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या क्षेत्ररेषा ताणल्या जाऊन पूर्व-पश्चिम गुंडाळल्या जातात. वर येणारे पिळदार लोट या गुंडाळलेल्या रेषांना मुरड घालून पुन्हा उत्तर-दक्षिण उभ्या करतात, उलट्या दिशेनं. चक्र पूर्ण. पूर्व जर्मनीतल्या श्टेनबेक, क्राउझे आणि रेडलर यांनी १९६६ मध्ये या कल्पनेला सरासरीचं रीतसर गणित दिलं आणि त्यातल्या एका गुणकाच्या चिन्हावरून मुरडीच्या परिणामाला ‘आल्फा परिणाम’ हे नाव पडलं.

इथवरचं गणित हे उपयोजित म्हणता येईल. शुद्ध गणिताचा खरा शिरकाव झाला तो पुढच्या अडचणीतून. सूर्यात विद्युतरोध इतका क्षीण आहे, की त्याचा विचार ‘शून्याकडे जाणारी राशी’ असाच करावा लागतो. रोध शून्याकडे नेला, तरी क्षेत्र वाढण्याचा वेग शून्य होऊ नये, अशा डायनॅमोला ‘शीघ्र डायनॅमो’ म्हणतात. २२ वर्षांचं चक्र तसल्याच डायनॅमोला जमेल. १९७२ मध्ये वाइनश्टाइन आणि झेल्डोविच यांनी त्याची कृती सुचवली : क्षेत्ररेषांचं कडं घ्या, दुप्पट ताणा, पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखं करा आणि दुमडून एकावर एक बसवा. जागा तेवढीच, क्षेत्र दुप्पट. पीळ इथे महत्त्वाचा. चिरोट्याची पोळी लाटून नुसतीच दुमडली, तर वरच्या आणि खालच्या पदरातल्या रेषा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला येतील, आणि मध्ये साटा नसल्यामुळे पदर मिसळून सगळं क्षेत्र पुसून जाईल.

कृती सोपी, सिद्धता महाकठीण. व्लादिमीर अर्नोल्ड यांनी झेल्डोविच, रुझमायकिन आणि सोकोलोव्ह यांच्यासह १९८१ मध्ये शीघ्र डायनॅमोचं पहिलं नेमकं उदाहरण दिलं. पण ते आपल्या नेहमीच्या अवकाशात नव्हतं, त्यासाठी खास वाकवलेल्या त्रिमितीय अवकाशात होतं. खगोलशास्त्रज्ञांनी त्यावर खांदे उडवले असतील तर नवल नाही. साध्या अवकाशासाठी अर्नोल्ड, बेल्ट्रामी आणि चिल्ड्रेस यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा ‘एबीसी प्रवाह’ पुढे आला. संगणकावर तो शीघ्र डायनॅमोसारखा वागताना दिसतो, पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, आणि अशा गुळगुळीत, स्थिर प्रवाहांसाठी सिद्धता दशकानुदशकं हाती लागली नाही. ठामपणे मिळालं ते पुन्हा एक नकारात्मक विधान. आयझॅक क्लॅपर आणि लाइ-सांग यंग यांनी १९९५ मध्ये सिद्ध केलं, की गुळगुळीत प्रवाहात शीघ्र डायनॅमोच्या वाढीचा वेग त्या प्रवाहाच्या टोपोलॉजिकल एन्ट्रॉपीहून, म्हणजे त्याच्यातल्या गोंधळाच्या मापाहून, जास्त असू शकत नाही. गोंधळ नाही, तर शीघ्र डायनॅमो नाही. सूर्य शिस्तीत वाहणारा गोळा असता, तर त्याला ११ वर्षांचं चक्र परवडलंच नसतं.

आता या विषयातल्या सर्वांत श्रीमंत दालनाकडे. १८३३ च्या जानेवारीत कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी आपल्या वहीत एक दुहेरी संकलन टिपून ठेवलं. दोन बंद वक्र एकमेकांत किती वेळा अडकले आहेत, हे त्यातून एका पूर्णांकात मिळतं. वक्र कसेही वाकवा, तोडले नाहीत तर आकडा बदलत नाही. सव्वाशे वर्षांनी, १९५८ मध्ये, लोडेवेक व्होल्टियर यांनी पूर्ण वाहक वायूत एक संकलन अचल राहतं हे दाखवलं, आणि १९६९ मध्ये कीथ मॉफट यांनी अशा संकलनाचा अर्थ उलगडला : ते क्षेत्रातल्या सगळ्या नलिकांच्या परस्पर गुंत्याची बेरीज आहे, गाउस यांच्या आकड्यांनी मोजलेली. हीच हेलिसिटी. अडचण अशी, की ताऱ्यातल्या क्षेत्ररेषा बहुधा बंद होतच नाहीत. त्या भटकत राहतात. अर्नोल्ड यांनी १९७० च्या दशकात लांबच लांब रेषांच्या सरासरी गुंत्याची व्याख्या करून ती अडचण दूर केली आणि सोबत एक असमानता दिली : हेलिसिटी शून्य नसेल, तर क्षेत्राची ऊर्जा एका मर्यादेखाली जाऊच शकत नाही. म्हणजे गुंता हा ऊर्जेचा तळ आहे. मायकेल फ्रीडमन आणि झेंग-शू हे यांनी १९९१ मध्ये हा विचार गाठींच्या छेदसंख्येपर्यंत नेला. फ्रीडमन हे चार मितींच्या टोपोलॉजीसाठी फील्ड्स पदक मिळालेले गणितज्ञ. सौरडागांशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता.

याचा ताऱ्यांशी प्रत्यक्ष संबंध कुठे येतो? ए-वर्गातल्या काही ताऱ्यांपाशी. होरेस बॅबकॉक यांनी १९४७ मध्ये कन्या राशीतल्या ७८ क्रमांकाच्या ताऱ्यावर चुंबकी क्षेत्र मोजलं. सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्यावरचं ते पहिलं. १९६० मध्ये त्यांनीच ३४,००० गाउसचा तारा शोधला. या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात उकळी जवळजवळ नाही, चक्रही नाही. क्षेत्र वर्षानुवर्षं तसंच. म्हणजे ते जन्मजात, अवशिष्ट असावं. पण १९७३ मध्ये रॉजर टेलर आणि इतरांनी दाखवलं, की निव्वळ पूर्व-पश्चिम गुंडाळलेलं क्षेत्र अस्थिर असतं आणि निव्वळ उत्तर-दक्षिण क्षेत्रही. दोन्हीकडून नकार. २००४ मध्ये जोनाथन ब्रेथवेट आणि हेंक स्प्राउट यांनी संगणकात गोंधळाचं, कसंही विस्कटलेलं क्षेत्र सोडून दिलं आणि ते आपोआप एका पिळदार कड्यात स्थिरावताना पाहिलं, जिथे दोन्ही घटक एकमेकांत गुंफलेले असतात. त्या गुंफणीची हेलिसिटी क्षेत्राला पूर्ण विरघळू देत नाही. अर्नोल्ड यांची असमानता इथे ताऱ्याच्या पोटात काम करताना दिसते. या संपूर्ण विषयात शुद्ध गणित आणि वेध यांची गाठ इतकी नेमकी दुसरीकडे कुठे पडली असेल, असं मला वाटत नाही.

सूर्यात मात्र हीच हेलिसिटी अडसर होते. आल्फा परिणाम मोठ्या क्षेत्राला एका दिशेचा पीळ देतो. एकूण गुंता अचल असल्यामुळे लहान क्षेत्रांत उलटा पीळ साचत जातो आणि शेवटी तोच आल्फा परिणामाचा गळा आवळतो. १९९० च्या दशकात या ‘गळचेपी’वरून मोठा वाद झाला. निभावायचं, तर ताऱ्याला साचलेला गुंता बाहेर टाकावा लागेल, आणि सूर्य ते करतो असं बरेच जण मानतात : त्याच्या किरीटातून उसळणारे, कधी कधी अब्जावधी टन द्रव्य घेऊन जाणारे उद्रेक पिळलेली क्षेत्रंही बरोबर नेतात. उत्तर गोलार्धातल्या डागांच्या प्रदेशांत पीळ बहुतांशी ऋण आणि दक्षिणेत धन आढळतो, ही १९९० नंतर पक्की झालेली नोंद या चित्राशी जुळते. विद्युतरोध अगदी शून्य नसतानाही हेलिसिटी ऊर्जेपेक्षा फार सावकाश झिजते, असं ब्रायन टेलर यांनी १९७४ मध्ये अनुमान केलं होतं. रोध शून्याकडे जाताना ती खरोखर टिकते याची काटेकोर सिद्धता डॅनिएल फाराको आणि सौली लिंडबर्ग यांनी २०२० मध्ये दिली. त्याआधी, २०१६ मध्ये, अल्बेर्टो एन्सिसो, डॅनिएल पेराल्टा-सालास आणि फ्रान्सिस्को तोरेस दे लिसाउर यांनी सिद्ध केलं, की अशा प्रकारची संकलनरूपी अचल राशी हेलिसिटी ही एकच आहे. दुसरी शोधत बसू नका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

उद्रेकांचं बोलतो आहे, तर मुंबईचा उल्लेख टाळता येणार नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमधून सूर्यावर पांढरी लखलख पाहिली. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत हातानं घेतलेल्या नोंदींमध्ये क्षैतिज चुंबकी बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेलं आहे. जगातल्या बहुतेक ठिकाणच्या नोंदी अशा वेळी मापाबाहेर गेल्या किंवा तुटल्या. कुलाब्याचे आकडे भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या जी. एस. लाखिना आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुन्हा जगापुढे आणले, तेव्हा त्या वादळाची तीव्रता नव्यानं मोजता आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलली. आज ‘आदित्य-एल१’ यानावरची, अतिनील प्रकाशात सूर्य टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुकानं घडवली आहे.

इतर ताऱ्यांवरची सक्रियता मोजायची, तर डाग दिसत नाहीत. कॅल्शियमच्या दोन वर्णरेषांतली चमक पाहावी लागते. ऑलिन विल्सन यांनी १९६६ मध्ये माउंट विल्सनवर ते काम सुरू केलं. १९९५ पर्यंत शंभराहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी जमल्या : काहींना सूर्यासारखं चक्र, काही सपाट, काही बेबंद. १९७२ मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी ताऱ्यांचं वय वाढतं तशी सक्रियता वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते असा नियम मांडला. तारा वाऱ्याबरोबर आपली फिरकी गमावत जातो आणि डायनॅमो थंडावतो. २०१२ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या १२० दिवसांच्या नोंदींतून जपानी गटाला सूर्यासारख्या १४८ ताऱ्यांवर ३६५ महाज्वाला सापडल्या. आपला सूर्य असं करेल का, हा प्रश्न वर्तमानपत्रांना जितका आवडतो, तितका तो उत्तर देण्याजोगा अजून झालेला नाही.

२०१६ मध्ये निकोलस राइट आणि जेरेमी ड्रेक यांनी गाभ्यापर्यंत पूर्ण उकळणारे छोटे लाल तारे तपासले. सूर्यात जिथे उकळता थर आतल्या शांत थराला भिडतो, तो कातर पट्टा डायनॅमोचं घर आहे असं बरेच जण धरून चालले होते. या ताऱ्यांत तो पट्टाच नाही. तरी फिरकी आणि सक्रियता यांचं नातं सूर्यासारख्यांचंच. २०२४ मध्ये एडिंबराचे गणितज्ञ जेफ्री व्हासिल आणि सहकाऱ्यांनी सूर्याचा डायनॅमो पृष्ठाजवळच्या उथळ थरात सुरू होत असावा, असा प्रस्ताव मांडला. त्यासाठी त्यांनी वापरलेली अस्थिरता १९५९ मध्ये येव्हगेनी व्हेलिखोव्ह आणि १९६० मध्ये चंद्रशेखर यांनी शोधलेली आहे. आजवर ती प्रामुख्यानं कृष्णविवरांभोवतीच्या चकत्यांच्या संदर्भात ओळखली जात होती. हा प्रस्ताव टिकेल की नाही, यावर अजून भांडण आहे, आणि ते असणं चांगलंच.

संगणकावर सगळं सुटेल, असं मानणाऱ्यांना एक अडचण नेहमी आडवी येते. सूर्यातला प्रवाह विद्युतरोधाच्या तुलनेत किती बलवान आहे हे दाखवणारी संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. पूर्ण सूर्याच्या प्रतिकृती काही हजारांच्या आसपास अडखळतात. म्हणूनच रोध शून्याकडे नेताना काय उरतं, हे सांगणारी प्रमेयं सूर्यासाठी चैन नसून गरज ठरतात. तरीही ती पुढच्या चक्राचा आकडा सांगत नाहीत, हेही मान्य करायला हवं. २४ व्या चक्राच्या वेळी मौसुमी दिक्पती यांच्या गटानं २००६ मध्ये ते आधीच्या चक्राहून ३० ते ५० टक्के बलवान असेल असं सांगितलं. बंगळूरुच्या अर्णव राय चौधुरी यांच्या गटानं २००७ मध्ये ते दुबळं असेल असं. दोघांचीही मूळ समीकरणं जवळजवळ तीच होती. फरक होता तो रोध किती धरायचा आणि ध्रुवांकडची नोंद कशी घालायची याचा. चक्र शतकभरातल्या सर्वांत दुबळ्यांपैकी एक निघालं. पंचविसाव्या चक्रासाठी २०१९ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ मंडळानं सौरडागांच्या संख्येचं ११५ चं शिखर धरलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते १६० च्या पुढे गेलं.

आता पुढच्या चक्राचा अंदाज ध्रुवांवर क्षेत्र किती साचतं यावर अवलंबून आहे, आणि ते ठरवण्यात डागांच्या जोड्यांच्या तिरकेपणाचा वाटा मोठा असतो. या तिरकेपणात बरंच यादृच्छिक विखुरलेपण असतं. विषुववृत्तापाशी भलत्याच कोनात उगवलेली एकच मोठी जोडी पुढच्या चक्राचं बळ बदलू शकते. कोडाइकनाल वेधशाळेत १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचं अंकीकरण होऊन त्यांतल्या जोड्यांचे कोन आता शतकभराच्या पल्ल्यावर मोजता येतात. ते विखुरलेपण गणितात नेमकं कसं घ्यायचं, यावर काम चालू आहे.